भावाच्या नावानं सोडलेला चहा

व्हाकोआ, ११ जून १९७८

चि. बलू,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल. आज रागवायला बसले आहे, म्हणून त्यात कागद घालवत नाही.

काल कुंती इथल्या बाजारात भाजी घेऊन आली होती. बायको म्हणून ती तुझीच बाजू घेणार हे मी धरूनच चालले होते. पण तीच म्हणाली, "आक्का, तुमचा भाऊ धुरात जेवतो आणि धुरात झोपतो. मच्छर तेवढे नाहीत घरात, एवढाच फायदा." वर हसली. मला हसू आलं नाही.

मग तिनं तुलसीराम काकांचं सांगितलं. देवळात सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "औंदा गणपतीला झाकरी बलराम म्हणेल. पण खोकला घरी ठेवून आला तरच. नाहीतर सीताराम आहे."

बलू, झाकरीत गोल धरून नाचणाऱ्यांचं काय, त्यांना ओळ परत म्हणायची असते. पुढे म्हणणाऱ्याला देवळापासून नदीपर्यंत दम टिकवावा लागतो. बाबांनी ते जन्मभर केलं. त्यांची गाणी कुठं लिहिलेली नाहीत. काकांना अर्धीमुर्धी येतात, सगळी येतात ती तुला. सीतारामला आवाज आहे, नाही म्हणत नाही, पण तो गणपतीला सिनेमाच्या चालीवर नदीत घालेल. आणि बाबांचा शेवटचा खोकला मी उशाशी बसून ऐकलाय. तो मला पुन्हा कुणाच्या छातीत ऐकायचा नाही.

सिगरेट सोडणं अवघड नाही. लोक उगाच बाऊ करतात. मनात आणायचं आणि सोडायची. मी एकादशीला जेवत नाही तेव्हा मला भूक लागत नाही काय? पण मन पक्कं असलं की भूक आपली दाराशी येऊन परत जाते. सकाळी देवाला हात जोड, तलफ आली की लवंग दाढेखाली धर. बसवाल्याच्या हाती लवंगांची बाटली पाठवली आहे. बाटली चांगली आहे, परत पाठव.

उत्तर मराठीत लिही, क्रेओल मिसळू नको. गावच्या बैठकेत, संध्याकाळच्या शाळेत, गुरुजींनी तुझ्यावर एवढा खडू झिजवला, तो फुकट जाऊ नये. आणि कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिही.

तुझी आक्का
विद्यावती

*

कांप दे मास्क, २० जून १९७८

आक्का,

बाटली परत पाठवतोय. लवंगा संपल्या. त्यांनी जीभ अशी बधिर झाली की सिगरेटची चवच लागेना, मग एकीच्या जागी दोन ओढाव्या लागल्या. तेव्हा लवंग आता पाठवू नको, महाग पडते.

तू म्हणतेस सोपं आहे. बें, म्हणजे बरं, असेल. मी सोमवारी सोडली. मंगळवारी कुंतीशी भांडलो. बुधवारी लॉरीशी भांडलो. कुंतीनं उलट उत्तर दिलं, लॉरीनं तेही दिलं नाही, नुसती चालू व्हायची थांबली. ऊस भरून रस्त्यात उभी, मागे सगळ्या गावाच्या लॉऱ्या, कारखान्याचा माणूस शिट्टी मारतोय. तेव्हा मागच्या लॉरीतल्या कृष्णदेवनं सिगरेट पुढे केली. तू असतीस तर तूसुद्धा ओढली असतीस.

श्रावणात सोडायची म्हणून देवळातल्या महाराजांना विचारायला गेलो होतो. श्रावणात मांस नाही, मासळी नाही, दारू नाही, हे मला पाठ आहे. सिगरेटचं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. महाराज पुष्कळ विचार करून म्हणाले, "तंबाखू हा झाडाचा पाला आहे. म्हणजे शाकाहारी." मग त्यांनीच माझ्याकडे एक मागितली. आता मी कोणाचं ऐकू, तूच सांग. तू मॅट्रिक, ते महाराज.

काकांना मी सांगितलंय की गणपतीपर्यंत छाती साफ करतो. ते म्हणाले, "पाहू." त्यांचं 'पाहू' तुला माहीत आहे.

भावोजींना नमस्कार. फ्लॉवर पाठवतोय, वरची पानं टाकू नको म्हणून सांगायची तुला गरज नाही.

बलराम

*

व्हाकोआ, २ जुलै १९७८

चि. बलू,

तुझे महाराज शाकाहारी असतील, पण शहाणे नाहीत.

मी पुष्कळ विचार केला. तुला सांगून काही उपयोग होत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा मी तुला सांगायचं सोडलं आणि गणपतीला सांगितलं. शुक्रवारी देवापुढे नारळ ठेवून बोलले, "माझा भाऊ सिगरेट सोडून तुझ्यापुढे झाकरी म्हणेल, तोपर्यंत मी चहा घेणार नाही."

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्या नावानं सोडलं, त्याच्याच हातून परत घ्यायचं. आजीनं बाबांसाठी गूळ सोडला होता, तो शेवटी बाबांनीच तिच्या तोंडात घातला. तेव्हा आता मला चहा तूच देशील, नदीच्या काठावर.

माझी काळजी करू नको. चहा म्हणजे काय, गरम पाणीच ते. हिशेबाच्या वहीतून चहापत्तीची ओळ गेली, चहात घालायच्या व्हॅनिलाची गेली, साखर निम्म्यावर आली. देवाचं काम आणि घराचीही बचत, असा नवस मला आजवर सुचला कसा नाही, याचंच नवल वाटतं.

आपल्या बेटावरचा सगळा हिवाळा इथे पठारावरच उतरलाय, थंडी फार आहे. सकाळपासून धुकं आणि भुरभुर. कपडे वाळत नाहीत.

तुझी आक्का

*

कांप दे मास्क, ९ जुलै १९७८

आक्का,

हे तू काय केलंस? मला विचारलंस का?

तू जेवण सोडतीस तर मी एवढा घाबरलो नसतो, ते तू दर पंधरा दिवसांनी सोडतेस. पण चहा? आईनं तुझं लग्न ठरवताना व्हाकोआच्या लोकांना पहिली गोष्ट काय सांगितली, आठवतं? "मुलगी गुणाची आहे, फक्त दुपारी तिला कपभर दिते लागतो." हुंड्यात किटली दिली होती तुला.

काल उसामागे उभा राहून एक पेटवली. धुरात तुझं तोंड दिसलं, हातात रिकामा कप. मी म्हटलं, आक्का, जा ना, एवढी ओढू दे. तू गेली नाहीस. मजाच गेली सगळी. ओढली ती ओढली, पण चोरासारखी.

नवस मागे घे. मी आपला आपण प्रयत्न करीन.

बलराम

*

व्हाकोआ, १७ जुलै १९७८

प्रिय बलराम,

हे पत्र कचेरीतून लिहितो आहे. वाचून झाल्यावर चुलीत घालावे, ही विनंती.

तुझ्या बहिणीने चहा सोडल्यापासून या घरात मी आणि मांजर, दोघेही भिंतीच्या कडेने चालतो. पहिले काही दिवस तिचे डोके दुखत होते, तेव्हा ती गप्प होती. ते दिवस चांगले होते. आता डोके थांबले आहे. परवा तिने खिरीत मीठ घातले आणि मी बोललो नाही, तर "जिभेला चव राहिली नाही का तुमच्या?" म्हणून विचारले. काल बोललो, तर "देवाच्या कामात खोड काढता" म्हणाली. भजनाच्या बायका गुरुवारी आल्या, लवकर गेल्या.

आणखी एक गोष्ट. ती मी पाहिली नाही, फक्त वास घेतला. शनिवारी दुपारी ती शेजारच्या इंद्राणीबाईंकडे लोकरीचा नमुना बघायला गेली. परत आली तेव्हा चेहरा प्रसन्न, माझ्याशी गोड बोलली, आणि तोंडाला व्हॅनिलाचा वास. मी त्या शनिवारबद्दल इंद्राणीबाईंचा आभारी आहे. पण संध्याकाळी ती देवापुढे फार वेळ बसली, आणि उठली तेव्हा डोळे लाल होते. ते मला बघवले नाही.

नवस मागे घे असे तिला सांगणे म्हणजे समुद्राला सांगणे. तेव्हा तुझ्या बाजूने काय होते ते बघ. मी तुला उपदेश करत नाही. मी स्वतः कधी ओढली नाही, त्यामुळे मला त्यातले कळत नाही. तिलाही कळत नव्हते. आता कळू लागले आहे, असे वाटते.

तुझा
जयदेव

*

व्हाकोआ, २३ जुलै १९७८

चि. बलू,

तुझं पत्र आलं त्याला दिवस झाले. कामात होते.

नवस मागे घेता येत नाही. देव म्हणजे काय बाजारातला दुकानदार आहे, साडी आवडली नाही म्हणून परत करायला? नवस आहे तसा आहे, आणि माझं उत्तम चाललं आहे.

फक्त एक विचारायचं होतं, सहज. तुला तलफ येते ती दिवसभर असते, की अमुक वेळेलाच जोर करते? म्हणजे दुपारी, भांडी झाली, घर शांत झालं, की हात आपोआप कुठेतरी जातो, तसं काही होतं का? आणि मग काय करतोस? माझ्या ओळखीच्या एका बाईंना हवं आहे. त्यांना तंबाखूचं नाही, दुसरं काही आहे.

लवंगेचं मी लिहिलं होतं, ते त्या बाईंना लागू पडलं नाही.

तुझी आक्का

*

कांप दे मास्क, ३० जुलै १९७८

आक्का,

तुझ्या ओळखीच्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, दुपारी शेजारी लोकरीचे नमुने बघायला जाऊ नका.

रागावू नको. कोणी सांगितलं ते विचारू नको. त्या माणसाला घरात तुझ्याच हातचं खायचं आहे.

मी पुष्कळ हसलो. कुंतीला वाचून दाखवलं, ती एवढी हसली की भात करपला. मग आम्ही करपलेला भात खात होतो तेव्हा माझं हसू थांबलं. माझी आक्का, जिनं एकादशीला कधी पाण्याचा घोट चुकून घेतला नाही, ती माझ्यापायी शेजाऱ्याच्या दारी चोरून चहा पिते आणि मग देवापुढे बसून रडते. मला वाटायचं तू दगडाची आहेस. दगडाचं कोणी ऐकतं का? पण तुलाही जमत नाही म्हटल्यावर मला कसं बरं वाटलं म्हणून सांगू. वाईट माणूस आहे मी.

आता माझं ऐक, या विषयात मी मॅट्रिक आहे. तलफ दिवसभर नसते. ती पाहुण्यासारखी येते, आणि पाहुण्याला बसायला पाट दिला नाही की उठते. तिच्याशी वाद घालू नको, वाद घातला की ती जेवायला थांबते. मी काय करतो, बाबांचं एखादं झाकरीचं कडवं धरतो, मोठ्यानं, पूर्ण. मधे सोडायचं नाही. कडवं संपेपर्यंत पाहुणी अर्धी गेलेली असते. नाही गेली तर दुसरं कडवं. लॉरीत गातो म्हणून पोरं मागे हसतात. हसू देत.

मंगळवारपासून ओढली नाही. त्याआधीचं विचारू नको.

आणि चुकून प्यालीस म्हणून नवस मोडला, असं मनात घेऊ नको. मी किती वेळा मोडलाय, तो अजून उभाच आहे.

बलराम

*

व्हाकोआ, ८ ऑगस्ट १९७८

चि. बलू,

यांना तीन दिवस दुधीची भाजी वाढली. चौथ्या दिवशी स्वतःहून कबूल झाले.

मला फार शरम वाटली. मग वाटली नाही. तुला पहिलं पत्र लिहिणारी बाई कोण होती, तेच मला कळेनासं झालंय. तिनं आयुष्यात काही सोडलंच नव्हतं. एकादशीचा उपास काय, दुसऱ्या दिवशी जेवण असतंच की. जे पुन्हा मिळणार आहे ते सोडायला काय लागतं? तू जे सोडतोयस ते कायमचं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. असो.

श्रावण लागला. दुपारी मीही बाबांचं कडवं धरते. माझ्या आवाजाचं तुला माहीत आहे. काल कुंपणावरून इंद्राणी विचारते, "दीदी, काही दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, देवाचं म्हणते. ती म्हणाली, मग देवाला सांगा, जरा हळू. पण पाहुणी जाते, हे खरं आहे.

काका तुझी पारख कधी करणार? कळव. आणि पुन्हा ओढलीस तरी कळव. मी विचारणार नाही, पण तू सांग.

तुझी आक्का

*

कांप दे मास्क, २१ ऑगस्ट १९७८

आक्का,

काल काकांनी देवळापासून नदीपर्यंत चालवलं. मृदंग सुरेंद्रकडे, गोल धरायला आमचेच सगळे, आणि सीतारामही होता, काठाला, हात बांधून.

पुलापर्यंत मी राजा होतो. पुलावर चढ आहे, तिथे बाबा आवाज वर न्यायचे, तो मी नेला, आणि खोकला आला. साधा नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यांना पाणी. गोल थांबला. मृदंग थांबला. सीताराम दुसरीकडे बघत होता, ते त्यानं बरं केलं.

मला वाटलं संपलं. काका म्हणाले, "ओढतोस का अजून?" मी म्हटलं, नाही. "कधीपासून?" सांगितलं. मग म्हणाले, "हा जुना खोकला आहे, घर सोडून चाललाय. भाडेकरू जाताना आवाज करतोच." आणि टाळ माझ्याच गळ्यात ठेवले. म्हणाले, "पुलावर वर नेऊ नको. तुझा बाप नेत होता, त्याचा दम त्याचा. तू खालीच ठेव, आणि नदीपर्यंत पोच."

तरी घरी येताना पाय दुकानाकडे गेले. मी काउंटरवर हात ठेवला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुझी बायको येऊन गेली. म्हणाली, बलरामला सिगरेट दिलीस तर मी भाजी दुसरीकडे घालीन." मग त्यानं मला एक काकडी दिली. काकडी खात घरी आलो.

चतुर्थीला दोघं नक्की या. चहाची तयारी कुंती करते आहे.

बलराम

*

कांप दे मास्क, ८ सप्टेंबर १९७८

आक्का,

तुम्ही काल संध्याकाळच्या बसनं गेलात. मी आज शेतावर गेलो नाही, हे लिहायला बसलो.

कालचं सगळं तू पाहिलंस. पुलावर मी आवाज खाली ठेवला, तुझ्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या काय म्हणाल्या तेही मी ऐकलं. पण पोचलो. बाप्पा पाण्यात गेले तोवर माझा आवाज चालू होता. काकांनी पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला त्यांच्या सगळ्या बोलण्याहून मोठा वाटला. मग मी थर्मासमधला चहा तुला दिला. तू डोळे मिटून प्यालीस. भावोजी रुमालानं चष्मा पुसत होते, म्हणाले धुकं आहे. कांप दे मास्कला कुठलं धुकं.

आता जे तू पाहिलं नाहीस ते.

तू भांडी आवरायला कुंतीबरोबर गेलीस. सगळे मला मिठ्या मारत होते. कृष्णदेव मला बांबूच्या बेटामागे घेऊन गेला, म्हणाला, आज तू बापाचं नाव राखलंस, आणि एक पेटवून माझ्या हातात दिली. मी कडवं धरलं नाही. सगळी कडवी मी गणपतीला देऊन बसलो होतो. मी ओढली. पूर्ण.

कोणी पाहिलं नाही. कृष्णदेव सांगणार नाही. तू चहा पिऊन खुशीत घरी गेलीस, आणि तो चहा खोटा होता. म्हणून लिहितोय. तू आता पुन्हा काही सोडशील म्हणून भीती वाटते, तरी लिहितोय.

बलराम

*

व्हाकोआ, ११ सप्टेंबर १९७८

चि. बलू,

पत्र वाचून मला राग आला. इतका आला की उठून चहा टाकला. हो, घेतला. रागाचा चहा कडू होतो, तरी संपवला, टाकवत नाही माझ्याच्यानं.

मग देवापुढे बसले आणि विचार केला. नवस होता की तू सोडून झाकरी म्हणशील. तू सोडलेली होतीस आणि म्हटलीस. ते बाप्पांनी ऐकलं आणि मग ते गेले. बांबूमागचं त्यानंतरचं. एका सिगरेटीसाठी ते ओल्या अंगानं परत वर येतील, असं मला वाटत नाही. तुझ्या हातचा चहा खरा होता. मी प्याले आहे, मला चव माहीत.

दुसरं काही सोडणार नाही. यांनी हात जोडले आहेत. आणि खरं सांगू, मी माझा कप तुझ्या मानेवर ठेवला होता. त्यामुळे तू चाललास, पण मान दुखली असणार. आता तो उतरवते. यापुढे सोडलीस तर तुझ्यासाठी सोडशील, ओढलीस तर तुझी ओढशील. मी कोणत्याही बाबतीत तुझी बहीणच राहणार.

पण हे लिहायला तुला कोणी सांगितलं नव्हतं, बलू. कोणी पाहिलं नव्हतं. ते पत्र मी देवाच्या पेटीत ठेवलं आहे.

दोनच गोष्टी विचारते. आवडली का? आणि दुसऱ्या दिवशी?

तुझी आक्का

*

कांप दे मास्क, १४ सप्टेंबर १९७८
(पोस्टकार्ड)

आक्का,

आवडली. खोटं कशाला बोलू, फार आवडली.

दुसऱ्या दिवशी नाही. कालही नाही. आजचं आत्ता सांगता येत नाही, अजून सकाळच आहे.

बलराम